अर्धी गोळी

"हिचे पाय हातात घेऊन बघा," प्रमिला म्हणाली. "माझे असायचे ना तेव्हा, अगदी तसे आहेत."

मी रक्त घ्यायला वॉर्डात गेलो होतो. सुई आणि नळी ट्रेमध्ये ठेवून मी त्या पोरीचा पाय धरला. एप्रिल महिना होता, वरच्या पत्र्यामुळे आम्ही सगळे घामाने निथळत होतो, आणि तो पाय माठाच्या बुडासारखा गार होता.

पोरीचं नाव सुकरी. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकरी. वय एकोणीस महिने आणि वजन चार किलो आठशे. केस तांबूस, विरळ. कातडी सैल, कोरडी. सुई टोचली तेव्हा तिने फक्त तोंड वाकडं केलं, आवाज आला नाही.

तिची आई यशी भोये खाटेच्या कडेवर अर्धी टेकून बसली होती. विशीची असेल. नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर. ती पोरीचे तळवे जोरजोरात चोळत होती.

"चोळू नको गं," प्रमिला तिला म्हणाली. "तिची कातडी निघेल. नुसते धरून ठेव. छातीशी घे तिला, वरून पदर घे. तुझी ऊब जाते तिला."

"किती वेल धरू, सिस्टर?"

"धरूनच ठेव. मी सांगेपर्यंत."

प्रमिला माझी बायको. जव्हारच्या पुढे डोंगरात एका संस्थेचा तीस खाटांचा दवाखाना होता. तिथे ती कुपोषित मुलांचा वॉर्ड सांभाळायची आणि मी प्रयोगशाळा. म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि एक कुरकुरणारा फ्रिज. डॉक्टर एकच, वर्टी नावाचे. वय एकोणतीस. ही गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीची आहे.

प्रमिलाने सुकरीची नाडी मोजली. "चौऱ्याऐंशी. या वयाला फारच सावकाश आहे. आणि ताप बघायला थर्मामीटर लावावं तर पारा पस्तिसाच्या वर जात नाही."

ती हे सहज बोलली. रोजचंच होतं तिचं. मी मात्र तिचं पहिलं वाक्य डोक्यात घेऊन माझ्या खोलीत आलो.

'माझे असायचे ना तेव्हा.' ते 'तेव्हा' म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली असतील. प्रमिला हळूहळू मंद होत गेली. उठायला उशीर, बोलायला उशीर. उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची. अंग सुजलं, आवाज घोगरा झाला, केस गळायला लागले. दोन वर्षं हे चाललं. एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी मन रमवा म्हणून. मी स्वतः रोज लोकांचं रक्त तपासत होतो आणि घरी आलो की बायकोवर ओरडत होतो. एकदा दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला तरी ती शेजारी तशीच बसून होती. मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा भिंत बरी. निदान टेकता तरी येतं." तेव्हा तिला बोलायलाही जड जायचं.

मग नाशिकच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या पाहिल्या आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. टीएसएच आलं ब्याऐंशी. असायला हवं पाचच्या आत. एक छोटी पांढरी गोळी सुरू झाली, रोज सकाळी उपाशीपोटी. दीड महिन्यात प्रमिला अंगण झाडताना गुणगुणायला लागली. दोन वर्षं जे हरवलं होतं ते एवढ्याशा गोळीने परत आणलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिची थायरॉइडची सहामाही तपासणी त्याच आठवड्यात होती. आमच्याकडे ती होत नसे. थर्मासमध्ये बर्फ घालून नमुना नाशिकच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, तो तिथल्या प्रयोगशाळेत पोचवायचा. सोमवारी मी प्रमिलाच्या नळीबरोबर दुसरी एक नळी ठेवली. सुकरीच्या रक्तातलं उरलेलं पाणी. कोणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी दोन्ही रिपोर्ट एकाच पाकिटातून आले. प्रमिलाचे आकडे नेहमीसारखे चोख. सुकरीच्या रक्तात टी-थ्री, म्हणजे थायरॉइडचा रस, जवळजवळ नव्हताच. टी-फोर निम्म्याहून कमी. टीएसएच तीन.

मी ते टीएसएच वाचलं. वाचलं नाही असं मी म्हणणार नाही. ब्याऐंशी नव्हतं, तीन होतं. तेवढ्याने मला थांबायला हवं होतं. पण माझी नजर टी-थ्रीवर अडकली होती.

डॉक्टर वर्टी त्याच दिवशी ठाण्याला निघाले होते. चार दिवसांचं प्रशिक्षण होतं. जीपमध्ये बॅग ठेवत होते तेव्हा मी कागद पुढे केला.

"हे कोणी करायला सांगितलं, गायधनी?"

"कोणी नाही. शंका आली म्हणून केलं."

त्यांनी वाचलं, कागद परत दिला. "उपाशी मुलांमध्ये असंच येतं. खायला घाला, आकडा आपोआप वर येईल."

"गोळी सुरू केली तर?"

"नाही. अजिबात नाही. प्रमिलासिस्टर दोन दोन तासांनी दूध देतायत ना? तेच तिचं औषध." आणि जीप गेली.

खायला घाला. मन रमवा. मला त्या दोन वाक्यांत काही फरक दिसला नाही. दुपारी मी प्रमिलालाही विचारलं. ती दुधात साखर, तेल आणि मुरमुऱ्याचं पीठ मोजून घालत होती. तिथे सगळंच मोजून असे. पहिले दिवस जास्त दिलं तर पोर दगावतं म्हणून.

"डॉक्टर नको म्हणाले ना?"

"हो."

"मग नको."

"तुलाही दोन वर्षं सगळे नकोच म्हणत होते."

तिने वर पाहिलं. "चमचा सपाट करून द्या तो," एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती ड्यूटीवर गेल्यावर मी कपाटातून तिची बाटली काढली. शंभर गोळ्यांची तपकिरी बाटली. प्रमिलाची एक पद्धत होती. दर रविवारी सकाळी ती बाटलीतून सात गोळ्या काढून कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवायची आणि आठवडाभर त्यातूनच घ्यायची. बाटली रविवारपर्यंत कोणी उघडणार नव्हतं. मी चार गोळ्या काढल्या. घाईत तोंडाशी असलेला कापसाचा बोळा खाली पडला आणि मोरीच्या पाण्यात भिजला. मी खिशातला प्रयोगशाळेचा बोळा त्या जागी बसवला.

गोळ्या मी ब्लेडने अर्ध्या केल्या. आठ तुकडे. कागदाच्या पुडीत बांधले. यशी नळावर फडकी धूत होती.

"यशी, रोज सकाळी यातला एक तुकडा. चमचाभर दुधात चुरून. एकच."

"कसली गोली, भाऊ?"

"सिस्टर घेते ना सकाळी, तीच. तिच्या अंगात जे कमी होतं तेच तुझ्या पोरीच्या अंगात कमी आहे."

तिने पुडी कमरेला खोचली. मी म्हणालो, "सिस्टरला सांगू नको. मी सांगेन नंतर."

"नाय सांगत," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मी वॉर्डात डोकावलो तर सुकरीने डोळे उघडले होते. यशी माझ्याकडे पाहून हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. "भाऊ, पोर माज्याकं बघते," ती म्हणाली. प्रमिला शेजारच्या खाटेशी होती. ती म्हणाली, "दोन दिवस दूध पोटात राहिलं की बघतातच गं." मी मनात म्हटलं, तुला काय माहीत.

त्या रात्री मला छान झोप लागली. हे लिहायला लाज वाटते, पण लागली.

शनिवारी सकाळी प्रमिलाने नाडी मोजली आणि पुन्हा मोजली. "एकशे छप्पन्न."

"ताप असेल," मी म्हणालो.

"अंग तापलेलं आहे, पण ताप नाही तसा. घाम येतोय. आणि हे बघा." तिने वजनाचा तक्ता दाखवला. चार किलो सातशे. "दूध सगळं घेतेय आणि वजन उतरतंय. पातळ होतेय दोनदा-तीनदा. जंतू शिरला असणार. इंजेक्शन सुरू करते."

"डॉक्टरांना फोन?"

"सकाळपासून लावतेय. लाइनच बंद आहे."

मी यशीकडे पाहिलं. प्रमिला तिथेच उभी होती. मी मान हलवली, नको अशी. हाताने पण हळूच खूण केली, पुरे अशी. यशीनेही मान डोलावली. मला वाटलं, समजलं तिला. हायसं वाटलं. दोनच तुकडे तर गेले असतील, मी हिशेब केला. एवढ्याने काय होतं?

दुपारी एकशे अडुसष्ट. संध्याकाळी एकशे ऐंशी. प्रमिला घरी जेवायला आलीच नाही. मी डबा घेऊन गेलो, तर ती सुकरीच्या पोटावर हात ठेवून यकृत चाचपत होती. मी डबा ठेवला. तोंड उघडलं आणि म्हणालो, "भाजी गरम आहे."

रविवारी सकाळी प्रमिला तासभर घरी आली. अंघोळ केली, करंडा घेतला, बाटली उघडली. मी दाढी करत होतो, आरशात मला ती दिसत होती. तिने बोळा काढून बोटात धरला. जरा वेळ पाहिला. मग सात गोळ्या काढल्या, बोळा परत लावला आणि साडी नेसून निघून गेली.

साडेनऊला डॉक्टरांची जीप आली. ते तसेच बॅगेसकट वॉर्डात गेले. मलाही बोलावणं आलं. सुकरी यशीच्या मांडीवर होती, नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. चादरीवरूनही तिच्या छातीचं उडणं दिसत होतं.

"एकशे ब्याण्णव," प्रमिला म्हणाली. "श्वास बासष्ट."

डॉक्टरांनी यशीपुढे उकिडवं बसून विचारलं, "बाई, खरं सांग. मी रागावणार नाही. काही घरचं दिलंस का? मुळी, पाला, भगताचं काही?"

यशीने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. मी ट्रेमधल्या सुया नीट लावत होतो.

"नाय," ती म्हणाली.

मी वर पाहिलं तेव्हा प्रमिला यशीकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

"हिमोग्लोबिन किती?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"चार पॉइंट दोन."

"मग तेच. रक्त नाही म्हणून हृदय पळतंय आणि आता थकतंय. रक्त द्यायलाच हवं. जव्हारहून आणायला तीन तास जातील, तेवढी ती थांबणार नाही. ग्रुप काय हिचा?"

"बी पॉझिटिव्ह."

"तुमचाही बी ना? गेल्या महिन्यात शिबिरात सगळ्या तपासण्या झाल्यात तुमच्या. चला, पन्नास मिली पुरे. तुमचंच जुळवा, तुमचंच द्या." ते जरा हसले. "बायको टोचणार आहे म्हणून घाबरू नका."

मी खोलीत आलो. माझ्या रक्ताचा थेंब आणि तिच्या रक्ताचा थेंब काचेवर ठेवला. जुळतंय का पाहिलं. जुळत होतं. इतकं स्वच्छ जुळलेलं मी क्वचित पाहिलं असेल. मला एवढं कळत होतं की पोरीचं हृदय रक्त कमी म्हणून पळत नव्हतं. चार पॉइंट दोन तर बुधवारीही होतं, आणि तेव्हा नाडी नव्वदही नव्हती. पळणाऱ्या हृदयावर आणखी ओझं टाकलं तर काय होतं, तेही ऐकून माहीत होतं. पण मी स्वतःला सांगत होतो, डॉक्टर आहेत ते. त्यांना माझ्यापेक्षा कळतं. हे मला चार दिवसांनी सुचत होतं.

प्रमिला पिशवी आणि रबरी नळी घेऊन आली. मी स्टुलावर बसून बाही वर केली. तिने नळी दंडावर आवळली, शीर चाचपली, स्पिरिट लावलं. डॉक्टर दारात पाठमोरे उभे होते, वॉर्डाकडे लक्ष ठेवून.

तिने सुई हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "बाटलीत बोळा कुठला घातलात?"

मी तिच्या हातातल्या सुईकडे पाहिलं.

"माझा छोटा होता. हा तुमच्या इथला आहे, स्पिरिटचा वास येतो त्याला." सुई माझ्या शिरेपासून बोटभर अंतरावर होती. "मी टोचू का? का आधी काही सांगायचंय?"

दंडावर नळी आवळलेली होती, हात बधिर होत चालला होता. मला आठवतं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून चार मिनिटं.

"डॉक्टर," मी म्हणालो. "रक्त देऊ नका. मी तिला थायरॉइडची गोळी दिलीय."

ते वळले. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी खाली पाहिलं.

"किती?"

"शंभर मायक्रोग्रॅमची. अर्धी अर्धी. गुरुवारपासून. यशीकडे दिली होती. काल तिला थांबवलं."

"चला," ते म्हणाले, आणि वॉर्डाकडे धावले. प्रमिलाने नळी सोडली नाही, तशीच त्यांच्यामागे गेली. दंडाला नळी बांधलेली घेऊनच मी वॉर्डात गेलो.

"यशी, पुडी दाखव," मी म्हणालो.

ती प्रमिलाकडे पाहत राहिली. "भाऊनं सांगितलंतं, सिस्टरला नाय सांगायचं."

"आता सांग. मीच सांगतोय."

तिने कमरेची गाठ सोडली. पुडी रिकामी होती. पांढरी भुकटीही उरली नव्हती. तिने तीही चाटवली असावी.

"आठ होते तुकडे," मी म्हणालो. "आठ!"

"पैल्या दिशी एक दिली. पोरीनं डोले उघडलं." तिने रिकामी पुडी मुठीत चुरगळली. "अर्धीनं डोले उघडलं, मंग दोन दिल्या तं उठून बसंल असं वाटलं. शुक्करवारी सकाली दोन, सांजेला दोन. काल तुमी मान हलवली, मंग राहिलेल्या दिल्या. तुमी दे म्हनलं ना?"

मी नको म्हणून मान हलवली होती. तिने ते दे असं घेतलं. तिच्या जागी मी असतो तरी मला पोरीचं भलं होतंय तेच दिसलं असतं.

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रमिलाला हृदयाचा वेग कमी करणारी गोळी आणायला सांगितली, तिचा किती अंश पाण्यात विरघळवायचा ते दोनदा मोजलं. मग मला म्हणाले, "तुमचं रक्त आत्ता चढवलं असतं ना, तर ती तुमच्यासमोर गेली असती. आणि आपण म्हटलं असतं, कुपोषणाने गेली."

"मी राजीनामा लिहून देतो."

"काही लिहू नका. ही गोळी आठ-दहा दिवस अंगातून जात नाही. तोवर दर अर्ध्या तासाला नाडी मोजायची आहे. पळून जायचं नाही. मोजा."

म्हणून आम्ही मोजत बसलो. मी आणि प्रमिला, आळीपाळीने. ती माझ्याशी बोलत नव्हती. आकडे तेवढे सांगायची.

"एकशे ब्याऐंशी," ती म्हणायची आणि उठायची.

मी बसायचो. तीन बोटं त्या काडीएवढ्या मनगटावर. नाडी बोटाखाली सापडता सापडता निसटायची. "एकशे अठ्ठ्याऐंशी," मी म्हणायचो. ती तक्त्यावर लिहायची. मंगळवारी दुपारी सुकरीने दूध ओकून टाकलं आणि डोळे वर फिरवले. प्रमिलाने मला बाजूला सारलं, एका हाताने पोरीची मान धरली, दुसऱ्याने प्राणवायूची नळी. यशी पायांशी उभी राहून "सुकरे, ए सुकरे," एवढंच म्हणत होती, हाक मारल्यासारखं, जणू पोरगी शेजारच्या पाड्यावर खेळायला गेलीय. मी काहीच करू शकत नव्हतो. भिंतीला टेकून उभा होतो. मिनिटभराने पोरीने कण्हून श्वास घेतला.

"मोजा," प्रमिला म्हणाली.

"एकशे चौऱ्याण्णव."

बुधवारी डॉक्टरांनी तो नाशिकचा रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. "टीएसएच वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"किती?"

"तीन."

"सिस्टरचं होतं ब्याऐंशी. त्यांच्या अंगात खरंच कमी पडत होतं, म्हणून मेंदू वरून मागणी करत होता, पाठवा, पाठवा. इथे मागणीच नाही. शरीराने स्वतःहून कमी केलंय."

"कशासाठी कमी करेल?"

उत्तर प्रमिलाने दिलं. मला नाही, यशीला. यशी तीन दिवस पाण्याशिवाय काही घेत नव्हती. पोरीला विष दिलं, असं तिने मनात धरलं होतं. प्रमिला तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"यशी, तुझ्याकडे कंदील आहे?"

"हाय."

"रॉकेल संपत आलं की काय करतेस?"

"वात खाली घेते. रातभर पुरवायला लागतं."

"तुझ्या पोरीने तेच केलं होतं. खायला नव्हतं, म्हणून वात खाली घेतली. म्हणून अंग गार, नाडी हळू. तशी जगली होती ती."

यशीला कळलं. माझ्याहून लवकर कळलं. तिने तोंडावर पदर घेतला. "मंग मी वात वर केली."

"तू नाही," प्रमिला म्हणाली. "यांनी केली. तू भाकरी खा."

गुरुवारी एकशे एकाहत्तर. शुक्रवारी एकशे अठ्ठावन्न. रविवारी वजन साडेचार किलोवर येऊन थांबलं, आणखी उतरलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी बोटं काढली आणि म्हणालो, "एकशे अठरा."

प्रमिलाने स्वतः मोजून पाहिलं. पूर्ण मिनिट. मग तक्त्यावर लिहिलं आणि म्हणाली, "चहा घेणार का?"

आम्ही व्हरांड्यात बसून चहा घेतला. अर्धा कप संपल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला ते भिंतीचं वाक्य आठवतं अजून?"

"हो."

"रोज?"

"जवळजवळ."

"मी कधीच विसरले होते. आजारात माणसं काय काय बोलतात." तिने कप खाली ठेवला. "मला उशीर झाला म्हणून तुम्ही तिच्या बाबतीत घाई केलीत. आणि त्या पोरीचा काय संबंध होता त्याच्याशी?"

मी हातातला कप फिरवत बसलो.

"माझी माफी मागायची होती तर माझ्याकडे यायचं. मी घरातच होते की."

सुकरी सात आठवड्यांनी घरी गेली. सहा किलो सातशे. जायच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली आणि तिचा नमुना पुन्हा नाशिकला पाठवायला लावला. रिपोर्ट पाकिटातून मला काढायला सांगितला. टी-थ्री, टी-फोर, सगळं जागेवर. दूध, तेल, मुरमुऱ्याचं पीठ. त्याशिवाय काही नाही. डॉक्टर म्हणाले, "हा कागद तुमच्या खोलीत भिंतीला लावा." मी निवृत्त होईपर्यंत तो तिथे होता. यशी जाताना प्रमिलाच्या पाया पडली, आणि माझ्या पुढ्यात येऊन थांबली. म्हणाली, "भाऊ, तुमी बोललात म्हनून वाचली." त्या वाक्याचा पुढचा भाग मला माहीत होता.

प्रमिला गेल्या वर्षी भाद्रपदात गेली. आतड्याचा कॅन्सर. शेवटचे तीन आठवडे नाशिकच्या दवाखान्यात होतो. पन्नास किलोची बाई सदतीसवर आली होती. दिवसभर डोळे मिटून पडून असायची, विचारलेलं उशिरा कळायचं. पायांवर दोन पांघरुणं असूनही गार.

एका दुपारी एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन आला. चांगला मुलगा होता. "काका, त्यांची थायरॉइडची गोळी चालू आहे ना? टी-थ्री फार कमी आलंय. डोस थोडा वाढवून बघायचा का? जरा तरतरी येईल."

तरतरी. तिने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहावं म्हणून मी त्या वेळी काय दिलं नसतं!

"टीएसएच किती आहे?" मी विचारलं.

त्याने पाहिलं. "अडीच."

"मग नको. आहे तेवढीच चालू द्या."

"बरं. मी सरांनाही विचारतो," तो म्हणाला आणि गेला. सरांनीही नंतर नकोच म्हटलं.

मला वाटलं होतं ती झोपलीय. तिचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"अहो," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, "बाटली मोजून ठेवलीय मी."

डोळे मिटलेलेच होते, पण गालात हसली होती. मी पाहिलं.

मी खुर्ची पायांशी घेतली. पांघरूण बाजूला करून तिचे पाय मांडीवर घेतले आणि वरून माझी शाल ओढली. माठाच्या बुडासारखे गार होते. चोळले नाहीत. नुसते धरून ठेवले.